चोवीस तासांचा मुक्काम: विमान कर्मचाऱ्यांच्या लेओव्हरवरचं संशोधन कसं घडत गेलं



माझी एक मावशी एअर होस्टेस होती. लहानपणी तिच्याबद्दल मला दोन गोष्टींचं फार अप्रूप होतं. एक म्हणजे तिने आणलेली चॉकलेटं, आणि दुसरं म्हणजे तिचं घड्याळ. लंडनला असो की आणखी कुठे, तिचं मनगटावरचं घड्याळ कायम मुंबईची वेळ दाखवायचं. "तिकडे एकच दिवस राहायचं असतं गं, त्यासाठी कशाला काटे फिरवायचे?" असं ती म्हणायची. लंडनमधल्या मुक्कामात तिच्या मैत्रिणी संध्याकाळी नाटकाला जायच्या, आणि ही सात वाजता पडदे ओढून झोपायची. सगळ्या तिला हसायच्या.

मी सध्या फळमाश्यांमधल्या जैविक घड्याळावर पीएच.डी. करते आहे. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना "माणसांवरचा काही जुना डेटा बघ" असं गाईडनी सुचवलं, आणि शोधता शोधता मी विमान कर्मचाऱ्यांच्या लेओव्हरपर्यंत पोचले. लेओव्हर म्हणजे दोन उड्डाणांच्या मधला परक्या शहरातला मुक्काम, बहुधा एका दिवसाचा. त्या एका दिवसात शहर पाहायचं की झोपायचं, हा प्रश्न वरवर हलकाफुलका वाटतो. पण त्याचं उत्तर शोधायला विज्ञानाला निदान पन्नास वर्षं लागली, आणि मधल्या काळात काही माणसं जिवानिशी गेली. आजचा लेख त्या प्रवासाबद्दल आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना यात शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून थोडा सविस्तर लिहिते.

विमानं हळू होती तेव्हा

१९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी हवाई सेवा सुरू केली. प्रवासाला साधारण सात दिवस लागायचे आणि मधला काही टप्पा आगगाडीने करावा लागायचा. रात्री उड्डाण होत नसे, त्यामुळे वैमानिक आणि प्रवासी दोघेही रोज कुठेतरी मुक्काम करत. पुढे १९३२ पासून शारजाच्या वाळवंटात तर यासाठी किल्ल्यासारखं विश्रामगृहच बांधलं होतं. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले.

आता एक छोटा हिशोब करू. कराची साधारण ६७ अंश पूर्व रेखांशावर आहे. पंधरा अंशाला एक तास धरला तर सूर्याच्या हिशोबाने लंडन आणि कराचीत सुमारे साडेचार तासांचं अंतर पडतं. हे सात दिवसांत वाटलं की दिवसाला चाळीस मिनिटंही होत नाहीत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्या काळात या प्रश्नाचा विचार केला तो विक्रम करायला निघालेल्यांनी. अमेरिकन वैमानिक वायली पोस्टने १९३१ मध्ये हॅरल्ड गॅटीबरोबर ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याआधी त्याने ठरवून झोपेच्या वेळा बदलत राहण्याचा सराव केला होता. १९३३ मध्ये तो एकटाच निघाला आणि ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत परतला. म्हणजे अडचण कुठे आहे हे त्याला अनुभवातून कळलं होतं. पण अनुभव म्हणजे डेटा नव्हे.

जेट आलं आणि तक्रारी वाढल्या

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. ते पंख्यांचं विमान होतं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि त्याच वर्षी कंपनीची न्यूयॉर्क सेवाही सुरू झाली. जो वेळेचा फरक पूर्वी आठवड्याभरात पार व्हायचा तो आता एका रात्रीत पार होऊ लागला. 'जेट लॅग' हा शब्द १९६६ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्समध्ये छापून आला.

तरी एक मूलभूत प्रश्न शिल्लक होताच. लांबच्या प्रवासानंतर माणूस मरगळतो तो नेमका कशाने? बसून बसून अंग आंबल्याने, कोरड्या हवेने, आवाजाने, की वेळ बदलल्याने? या सगळ्या गोष्टी एकाच प्रवासात एकत्र येतात. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर हे 'कन्फाउंडिंग' झालं.

इथे मला सगळ्यात आवडलेला प्रयोग येतो. १९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक यंत्रणेच्या ओक्लाहोमा सिटीतल्या वैद्यकीय संस्थेत जॉर्ज हॉटी आणि थॉमस अ‍ॅडम्स यांनी स्वयंसेवकांना तीन दिशांना नेलं. एक गट पूर्वेला युरोपात, एक पश्चिमेला आशियाच्या बाजूला आणि एक दक्षिणेला चिलीतल्या सँटियागोपर्यंत. दक्षिणेचा प्रवास लांबचा होता, पण त्यात वेळ जवळपास बदलत नव्हती. तिन्ही गटांच्या शरीराचं तापमान, नाडी आणि मानसिक कामाचा वेग मोजला गेला. दक्षिणेला गेलेले लोक दमले होते, पण त्यांची लय सरकली नाही. पूर्व-पश्चिम गेलेल्यांची मात्र सरकली, आणि नव्या वेळेशी जुळायला त्यांना काही दिवस लागले.

बघा, 'कंट्रोल' म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकात परीक्षानळ्या दाखवून शिकवतात. इथे कंट्रोल म्हणजे चिलीला जाणारं एक अख्खं विमान होतं. पाठ करण्यापेक्षा अशी उदाहरणं गोळा करा, मुलाखतीत उपयोगी पडतात.

पूर्व आणि पश्चिम सारखी नाही

पुढचं पाऊल जर्मनीत पडलं. क्लाइन आणि वेगमन यांनी जर्मनी आणि अमेरिका यांच्यातल्या उड्डाणांनंतर लोकांची लय दिवसागणिक मोजली. १९७० च्या दशकातल्या साहित्यात यातून आलेले आकडे आजही उद्धृत होतात. पश्चिमेला गेल्यावर लय दिवसाला सरासरी ९२ मिनिटं सरकते, पूर्वेला गेल्यावर फक्त ५७ मिनिटं.

आता तो जुना हिशोब आठवा. लंडनहून कराचीला जाणारे लोक पूर्वेकडे दिवसाला चाळीसपेक्षा कमी मिनिटं सरकत होते आणि शरीराची क्षमता ५७ मिनिटांची होती. म्हणजे शारजाच्या किल्ल्यात झोपणाऱ्याचं शरीर प्रवासाच्या बरोबरीने चालत होतं. जेट लॅग तेव्हा माहीत नव्हता याचं कारण दुर्लक्ष नसून तो बहुधा फारसा होतच नव्हता. हा निष्कर्ष मी दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून काढला आहे, त्यामुळे तो अंदाज म्हणूनच घ्या.

दिशेचा फरक का पडतो? आन्डेक्स इथे युर्गेन आशॉफ आणि रुटगर वेव्हर यांनी जमिनीखालच्या बंद खोल्यांत, घड्याळ आणि सूर्यप्रकाश न दाखवता माणसं ठेवली. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनीही अशीच एकांत-सुविधा उभारून प्रयोग केले. अशा खोलीत बहुतेकांचा दिवस चोवीस तासांपेक्षा थोडा लांब निघतो. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो आणि शरीराला ते मानवतं. पूर्वेला जाताना दिवस आखडतो आणि शरीर कुरकुरतं.

एक गंमत म्हणजे बंद खोल्यांमधून सुरुवातीला 'सुमारे २५ तास' हा आकडा आला आणि पुस्तकांत घट्ट बसला. पण त्या खोल्यांत लोक दिवे स्वतः लावत-मालवत होते, आणि दिव्याचा प्रकाशसुद्धा लय सरकवतो. १९९९ मध्ये चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने प्रकाशावर कडक नियंत्रण ठेवून मोजलं तेव्हा सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास आली. पद्धतीतली एक बारीक फट आणि जवळजवळ पाऊण तासाचा फरक!

हॉटेलऐवजी प्रयोगशाळेत

आता मुख्य विषयाकडे येऊ. वरचे प्रयोग प्रवासी किंवा स्वयंसेवकांवरचे होते. विमान कर्मचाऱ्याचं गणित वेगळं आहे. तो नव्या शहरात रुळायला जातच नाही. चोवीस तासांनी, अर्धवट सरकलेल्या शरीरासह, त्याला पुन्हा कामावर जायचं असतं.

अमेरिकन काँग्रेसच्या विनंतीवरून १९८० मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रात थकवा आणि जेट लॅगवरचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातला लेओव्हरचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्टिस ग्रेबर हे त्यातलं प्रमुख नाव. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि जपान इथल्या संशोधन संस्था आणि विमान कंपन्या एकत्र आल्या. बोइंग ७४७ वरच्या पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांची झोप आधी घरच्या शहरात नोंदवली गेली. मग परक्या शहरात उतरल्यावर ते नेहमीच्या हॉटेलच्या मुक्कामाऐवजी झोपेच्या प्रयोगशाळेत आले. डोक्याला तारा लावून मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण असं सगळं मोजलं गेलं. दिवसा दर थोड्या वेळाने "आता झोपून दाखवा" असं सांगून पेंगही मोजली गेली.

निष्कर्ष असे होते. एकंदरीत झोप वाटली होती तितकी बिघडली नाही. पूर्वेच्या उड्डाणानंतर ती जास्त विस्कटली. वयस्क वैमानिकांना जास्त त्रास झाला. देश किंवा कंपनी बदलली म्हणून ठळक फरक पडला नाही. आणि दिवसभरातली पेंग मुक्कामातही बऱ्याच अंशी घरच्याच घड्याळाने चालली. संशोधकांची शिफारस होती की कर्मचाऱ्यांनी लेओव्हरमध्ये झोपेच्या वेळा आखून घ्याव्यात, म्हणजे पुढच्या ड्युटीआधीची झोप चांगली होते.

वाचताना मला मावशीचं घड्याळ आठवलं. पण दुसरीही गोष्ट लक्षात आली. तारा लावल्या गेल्या त्या कॉकपिटमधल्या लोकांना. केबिनमध्ये रात्रभर उभं राहून ट्रॉली ढकलणाऱ्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये 'गॅप शोधा' असं आपल्याला सांगतात ना, ती गॅप कित्येकदा अशी असते. ती माणसं समोरच होती, फक्त सँपलमध्ये नव्हती.

२६ मिनिटांची गोष्ट

"नासा सांगतं की २६ मिनिटांची डुलकी सर्वोत्तम" असा मेसेज तुम्हालाही आला असेल. मूळ अभ्यास मार्क रोझकाइंड आणि सहकाऱ्यांचा, १९९४ च्या अहवालातला. पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानातल्या २१ वैमानिकांपैकी १२ जणांना उड्डाणादरम्यान आळीपाळीने ४० मिनिटं विश्रांतीची संधी दिली, ९ जणांना दिली नाही. संधी मिळालेले सरासरी सुमारे २६ मिनिटं झोपले. म्हणजे २६ हा आकडा शिफारस नाही, तो फक्त सरासरी आहे! संधी ४० मिनिटांची होती.

त्या अहवालातला खरा महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. उड्डाणाच्या शेवटच्या दीड तासात, मेंदूच्या तरंगांत आणि डोळ्यांच्या हालचालींत दिसणाऱ्या क्षणिक झोपेच्या खुणा मोजल्या होत्या. विश्रांती न मिळालेल्या गटात त्या १२० भरल्या, आणि त्यातल्या २२ विमान खाली उतरायला लागल्यापासून चाकं टेकेपर्यंतच्या वेळात होत्या. विश्रांती मिळालेल्या गटात एकूण ३४, आणि उतरतानाच्या वेळात शून्य. विमानात बसून हे वाचू नका.

जेव्हा आकड्यांची किंमत कळली

१८ ऑगस्ट १९९३ ला क्यूबातल्या ग्वांटानामो इथे एक मालवाहू डीसी-८ विमान कोसळलं. तिघेही कर्मचारी वाचले. त्यांच्या झोपेचा तास-तास हिशोब एम्सच्याच गटाने मांडला, आणि अमेरिकेच्या तपास मंडळाने मोठ्या विमान अपघातात पहिल्यांदाच थकव्याला संभाव्य कारणांत जागा दिली. आधीच्या दहा-बारा वर्षांचं मोजमाप हाताशी होतं म्हणूनच हे शक्य झालं. नाहीतर 'वैमानिकाची चूक' एवढंच लिहून फाईल बंद झाली असती.

आपल्याकडची गोष्ट जास्त दुःखद आहे. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरला धावपट्टीपलीकडे जाऊन दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली. कर्मचारी आदल्या रात्री मंगळूरहून निघून दुबईला जाऊन पहाटे परत येत होते, मध्ये मुक्काम नव्हता. कॅप्टन उड्डाणात बराच वेळ झोपले होते हे ध्वनिमुद्रणावरून चौकशीत पुढे आलं. झोपेतून उठल्यावर काही वेळ निर्णयशक्ती मंद राहते, त्याला 'स्लीप इनर्शिया' म्हणतात. चुकीच्या पद्धतीने चालू ठेवलेल्या लँडिंगमागे त्याचाही हात असू शकतो असं अहवालात नोंदवलं आहे. म्हणजे डुलकी चांगली हे अर्धं सत्य आहे. कधी, किती, आणि उठल्यावर किती वेळाने काम, हे उरलेलं अर्धं.

भारतात डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम आणले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, 'रात्र' मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत धरली गेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. त्यांची अंमलबजावणी २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. नियमातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी प्रबंधातून, कुणाच्या तरी जागरणातून आलेला असतो, हे अशा वेळी जाणवतं.

मग लंडन पाहायचं की नाही?

आता मावशीच्या बाजूने हिशोब मांडू. हिवाळ्यात लंडन मुंबईच्या साडेपाच तास मागे असतं. शरीराची सर्वात सुस्त वेळ पहाटे साधारण तीन ते पाच. लंडनच्या घड्याळात ती रात्री साडेनऊ ते साडेअकरा होते. म्हणजे नाटकाला गेलेल्या मैत्रिणी मध्यंतरानंतरचा भाग शरीराच्या पहाटेच्या अंमलात पाहत होत्या.

उलट दिशेने बघा. १९८६ मध्ये इस्रायलच्या पेरेट्झ लावी यांनी दाखवलं की नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास झोप येणं सर्वात कठीण असतं. मुंबईत अकरा-साडेअकराला झोपणाऱ्या माणसासाठी ही वेळ साधारण आठ ते साडेदहा, म्हणजे लंडनमध्ये दुपारी अडीच ते पाच. त्या वेळात खोलीत पडून छताकडे बघण्यात अर्थ नाही. तीच शहर पाहायची वेळ! सकाळी उतरल्यावर थोडी झोप, दुपारी उजेडात फिरणं, ब्रिटिश म्युझियम वगैरे, आणि सातच्या सुमाराला पडदे ओढायचे.

याला पुरावाही आहे. मँचेस्टरच्या मायनर्स आणि वॉटरहाउस यांनी १९८१ मध्ये दाखवलं की रोज ठरावीक वेळी चार तासांची झोप मिळाली तर उरलेली झोप इकडेतिकडे झाली तरी लय बऱ्यापैकी स्थिर राहते. त्याला त्यांनी नांगराची उपमा देऊन 'अँकर स्लीप' म्हटलं. आणि १९९८ मध्ये स्वीडनच्या लॉडेन आणि ओकरस्टेट यांनी नऊ तास पश्चिमेला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास केला. ज्यांनी मुक्कामात घरच्याच वेळेने झोप घेतली त्यांना पेंग आणि जेट लॅगचा त्रास कमी झाला. आणि हो, या अभ्यासात केबिनमधले कर्मचारी होते.

म्हणजे मावशी बरोबर होती का? अर्धी. तिची युक्ती छोट्या मुक्कामाला आणि थोड्या तासांच्या फरकाला चालते. न्यूयॉर्कला, जिथे दिवसरात्र जवळपास उलटी होते, तिथे मुंबईच्या वेळेने झोपायचं तर भर दुपारी झोपावं लागतं. बाहेर ऊन, कॉरिडॉरमध्ये सफाईचा आवाज, भुकेची वेळ वेगळी. तिथे हे सोपं नाही, आणि चार-पाच दिवसांचा मुक्काम असेल तर उपयोगाचंही नाही.

गेल्या महिन्यात मी तिला फोन करून हे सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मला हे तीस वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की." मी माझ्या वहीत हे वाक्य लिहून ठेवलं आहे. प्रश्न निवडताना पेपर वाचाच, पण त्या कामात रोज हात घालणाऱ्या माणसांशीही बोला. त्यांच्याकडे निष्कर्ष नसतील, पण गृहीतक बहुतेक वेळा तयार असतं. ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, एवढं मोजायचं काम आपलं.

पुढच्या लेखात फळमाशीला जेट लॅग कसा देतात ते सांगेन. तोवर रात्री दोनपर्यंत जागून नेटचा अभ्यास करणाऱ्यांनी वरचा नांगराचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा. मीही वाचते आहे.